नागपुरात पहिलं किरायाचं घर: आधी ऊन बघा, मग किराया

गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, यवतमाळकडून नोकरीसाठी नागपुरात येणारी पोरं-पोरी बहुतेक वेळा पावसाळ्यात नाहीतर दिवाळीनंतर घर शोधतात. त्या दिवसांत इथलं कुठलंही घर बरंच वाटतं. त्याची खरी परीक्षा एप्रिलमध्ये सुरू होते आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे गेला की निकाल लागतो. पाचशे रुपये वाचवायला घेतलेली वरच्या मजल्यावरची खोली मग विजेच्या बिलातून, टँकरच्या पाण्यातून आणि झोपेतून ते पाचशे दामदुपटीने वसूल करते. म्हणून या लेखात किरायापेक्षा किरायाच्या भोवतीच्या गोष्टींवर जास्त भर आहे.

घराआधी पैशांची बेरीज

समजा सात हजार किरायाची एक खोली-स्वयंपाकघर तुम्ही एकट्यानं घेताय. चावी हातात येण्याआधी पहिला किराया ७,०००, दोन महिन्यांचं डिपॉझिट १४,००० आणि एजंटामार्फत घेतलं तर अर्धा महिना म्हणजे ३,५०० द्यावे लागतील. करारनाम्याची नोंदणी आणि ती करून देणाऱ्याची फी मिळून २,००० धरा. गॅस जोडणी, पहिला सिलिंडर आणि शेगडी ५,५००, कूलर ६,०००, गादी-भांडी-बादल्या ५,०००. बेरीज ४३,००० होते. त्यात पहिला पगार हाती यायला महिना ते दीड महिना जातो. तोवरच्या खाण्यापिण्याचे आणि येण्याजाण्याचे १०,००० वेगळे.

म्हणजे गाठीला ५३ हजार नसतील तर एकट्यानं घर करू नका. दोन-तीन महिने मित्रांसोबत खोली करून राहा किंवा पीजीत राहा, पगार जमू द्या. उसनवारी करून थाटलेलं घर पहिल्या आजारपणात किंवा पहिल्या उशिरा झालेल्या पगारात सुटतं, आणि डिपॉझिटही अडकतं.

महिन्याचं गणित करताना किराया हातात येणाऱ्या पगाराच्या एक तृतीयांशावर जाऊ देऊ नका. त्यात सोसायटीचा मेन्टेनन्स, पाणी आणि पार्किंगही धरा. 'किराया सात हजार' म्हणून दाखवलेलं घर या तीन गोष्टी मिळून सव्वाआठला पडू शकतं. ते आधीच विचारायचं.

कामाच्या वाटेवरचा भाग निवडा

नागपूर मेट्रोच्या दोन मार्गिका आहेत. ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी ही ऑरेंज, प्रजापती नगर ते लोकमान्य नगर ही ॲक्वा. दोन्ही बर्डीला, म्हणजे सीताबर्डी स्थानकावर, मिळतात. हिंगणा एमआयडीसीत काम असेल तर ॲक्वाच्या सुभाष नगर ते लोकमान्य नगर या पट्ट्यात घर बघा. परसोडीच्या आयटी पार्कसाठी त्रिमूर्ती नगर, प्रताप नगर सोयीचे. मिहानमध्ये, म्हणजे विमानतळाजवळच्या कंपन्यांच्या पट्ट्यात, नोकरी असेल तर मनीष नगर, सोमलवाडा, बेसा, बेलतरोडी या बाजूला शोधा. पण खापरी स्थानकापासून मिहानमधल्या कंपन्या चालत जाण्याच्या अंतरावर नाहीत. कंपनीची बस कुठून उचलते ते आधी विचारा आणि घर त्या थांब्याजवळ घ्या. बुटीबोरी शहरापासून पंचवीस-तीस किलोमीटरवर आहे. तिथं शिफ्ट ड्युटी असेल तर शहरात राहायचा हट्ट सोडून बुटीबोरीतच खोली करणं शहाणपणाचं.

महाल, नंदनवन, सक्करदरा हे जुने भाग स्वस्ताईचे आणि बाजाराला जवळचे. धरमपेठ, लक्ष्मी नगर महाग. पण नोकरी तिथंच असेल तर गाडीचा खर्च वाचतो.

दोन गोष्टी भाग ठरवतानाच तपासा. पहिली पाणी. महापालिकेच्या हद्दीत नळ असतो, पण तो किती वेळ येतो हे गल्लीगणिक बदलतं. शहराच्या कडेच्या नव्या इमारतींच्या स्कीममध्ये बोअर आणि टँकरवर भागवलं जातं. घरमालक 'चोवीस तास पाणी' म्हणतो तेव्हा त्याला बहुतेक वेळा गच्चीवरची टाकी म्हणायचं असतं. प्रश्न असा विचारा: मे महिन्यात टाकी कशानं भरते आणि टँकरचे पैसे कोण देतं? उत्तर शेजारच्या किरायेदाराकडून घ्या. दुसरी गोष्ट नाला. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, नाग नदीला पूर आला आणि अंबाझरी लेआउटपासून बर्डीपर्यंत तळमजल्यांत पाणी शिरलं. नाग नदीकाठचा किंवा नाल्यालगतचा तळमजला स्वस्त मिळत असेल तर त्या पहाटे पाणी कुठवर चढलं होतं ते शेजाऱ्यांना विचारा. भिंतीवरची खूण कुणीतरी दाखवतंच.

घर दुपारी चार वाजता बघा

सकाळी दहाला घर बघून टोकन, म्हणजे घर धरून ठेवायचे आगाऊ पैसे, देऊ नका. दुपारी चारला जा आणि पश्चिमेच्या भिंतीला आतून तळहात लावा. भिंत कोमट लागली तर ती रात्री अकरापर्यंत उष्णता सोडत राहणार. वर गच्ची असेल तर छतही तसंच तापतं. मधला मजला आणि खिडक्या उत्तरेला किंवा पूर्वेला असं घर मिळालं तर पाचशे जास्त द्या, ते वसूल होतात. वरचा मजलाच घ्यावा लागला तर गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग मारून देण्याची अट मालकासोबत आत्ताच ठरवा. एप्रिलमध्ये तो फोन उचलेलच असं नाही.

मग खिडकी. कूलर बाहेरच्या बाजूनं बसेल अशी एक खिडकी हवी, तिच्याखाली लोखंडी स्टँड ठोकायला मालकाची परवानगी हवी, आणि समोरच्या बाजूला हवा बाहेर जायला दुसरी खिडकी किंवा दार हवं. हे नसलेल्या घरात कूलर चालतो, पण गारवा येत नाही. कारण पुढे सांगितलं आहे.

बाकी तपासणी पंधरा मिनिटांची. सगळे नळ एकदम उघडून धार बघा. फ्लश ओढा. न्हाणीघराच्या जाळीशी वाकून वास घ्या. ताजा रंग दिलेल्या भिंतीवर बोटानं टिचकी मारा. पोकळ आवाज आला किंवा पोपडा फुगलेला दिसला तर आत ओल आहे. मोबाईलचं चार्जर प्रत्येक प्लगला लावून बघा आणि कूलरच्या व स्वयंपाकघराच्या जागी १६ अँपियरचा मोठा सॉकेट आहे का पाहा.

वीज मीटर स्वतंत्र आहे का, हा प्रश्न लोक विचारायला विसरतात. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांचा असतो: पहिल्या १०० युनिटांना सगळ्यात कमी, १०१ ते ३०० ला जवळपास दुप्पट, पुढे आणखी चढा. एकाच मीटरवर तीन किरायेदार असतील आणि प्रत्येकानं ९० युनिट जाळले, तरी मीटरवर २७० दिसतात आणि बिल वरच्या टप्प्यात जातं. सब-मीटर लावून मालक ते वाटून घेतो तेव्हा तुमच्या ९० युनिटांचा दर त्यामुळे वाढलेला असतो. मीटर स्वतंत्र असेल तर बिलावरचा बारा अंकी ग्राहक क्रमांक घ्या आणि महावितरणच्या ॲपवर थकबाकी बघा. आधीच्या माणसाची थकबाकी असेल तर कारवाईत वीज तुमची कापली जाते.

ऑनलाइन जाहिरात पाहून, घर न बघता टोकन पाठवू नका. 'मी सैन्यात आहे, बदली झाली, क्यूआर स्कॅन करा म्हणजे पैसे परत येतील' ही जुनी फसवणूक अजून चालते. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच नाही. फसलात तर लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पांगतात.

करारनामा नोंदवूनच घ्या

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा) करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि तो नोंदवून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. स्टॅम्पपेपरवर नोटरी केली म्हणजे नोंदणी झाली असं होत नाही. मालक 'कशाला खर्च' म्हणाला तर हिशेब समोर मांडा. किराया ७,००० गुणिले ११ महिने म्हणजे ७७,०००. डिपॉझिट १४,००० वर वर्षाला दहा टक्के व्याज धरतात, अकरा महिन्यांचे होतात सुमारे १,२८३. या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क म्हणजे दोनशे रुपयांच्या आत. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० आणि ऑनलाइन दस्त हाताळणीचे ३००. उरलेले पैसे घरी येऊन अंगठे घेणाऱ्या एजंटाचे. हा खर्च दोघांनी निम्मा-निम्मा करावा, अशी बोलणी करता येते.

करारात या गोष्टी लिहिलेल्या हव्यात: डिपॉझिट घर सोडल्यावर किती दिवसांत परत, नोटीस किती दिवसांची, लॉक-इन (घर सोडता येणार नाही असा किमान काळ) आहे का, रंगाचे पैसे कापणार का आणि किती, पंप-गिझर-नळ बिघडला तर खर्च कुणाचा, मेन्टेनन्स कोण भरणार. 'रंगाचे पैसे' या एका शब्दावरून नागपुरात डिपॉझिटचे सगळ्यात जास्त वाद होतात. आकडा लिहून घ्या किंवा 'कापणार नाही' असं लिहून घ्या. डिपॉझिट रोख देऊ नका, खात्यातूनच पाठवा. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात किंवा पोलिसांच्या संकेतस्थळावर मालकानं द्यायची असते. त्याची प्रत तुमच्याकडेही ठेवा. नोंदणीकृत करार गॅस, बँक आणि आधारवरचा पत्ता बदलायला कामी येतो.

चावी मिळाली त्या दिवशी, सामान आणण्याआधी, मीटरचं रीडिंग दिसेल असा फोटो काढा. प्रत्येक भिंत, फरशी, नळ आणि कपाटाचा व्हिडिओ करून तो मालकाला व्हॉट्सॲपवर त्याच दिवशी पाठवा. मुख्य दाराच्या कुलपाचा सिलिंडर बदला; आधीच्या माणसाकडे चावी असतेच.

कूलर: घरातलं सगळ्यात महत्त्वाचं यंत्र

नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर एसीच्या जवळपास जातो आणि वीज मात्र त्याच्या मानानं फार कमी खातो. कूलरचा पंखा आणि पंप मिळून साधारण २२० वॉट. दहा तासांना २.२ युनिट, महिन्याला ६६. दीड टनाचा एसी रोज आठ तास चालला तर महिन्याला तीनशेच्या आसपास युनिट एकटाच खातो आणि वरच्या टप्प्यात नेऊन सोडतो.

माप असं काढा. खोलीची लांबी, रुंदी, उंची फुटांत गुणा. १० बाय १२ ची, १० फूट उंच खोली म्हणजे १,२०० घनफूट. दर दोन मिनिटांत खोलीतली सगळी हवा बदलायला हवी, म्हणजे मिनिटाला किमान ६०० घनफूट हवा फेकणारा कूलर. दुकानदारानं सांगितलेला आकडा प्रत्यक्षात कमीच भरतो, म्हणून दीडपट घ्या. अशा खोलीला १५ किंवा १८ इंची पंख्याचा कूलर पुरतो. २४ इंचीनं आवाज आणि पाणी वाढतं, गारवा तेवढा वाढत नाही.

कूलर खिडकीत बाहेरच बसवा. तो बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांमधून (बाजूंना लावलेल्या गवताच्या जाड जाळ्यांतून) ओढतो आणि पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता जाते. आत ठेवलात किंवा समोरची खिडकी बंद ठेवलीत तर तीच दमट हवा पुन्हा पुन्हा फिरते, पाणी वाफेत जात नाही आणि अर्ध्या तासात अंग चिकट होतं. समोरची खिडकी चार बोटं उघडी हवी. जूनमध्ये पाऊस आला की हवेतच ओल असते. तेव्हा पंप बंद करून नुसता पंखा चालवायचा.

वाळ्याच्या ताट्या सुगंधी आणि जास्त गार, पण महाग. लाकडी घासेच्या स्वस्त. दर मार्चमध्ये बदलाव्या लागतात. हनीकोम्ब, म्हणजे मधाच्या पोळ्यासारख्या भोकांचा पॅड, दोन-तीन हंगाम टिकतो, पण बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी त्याची भोकं बुजतात. टाकीतलं शुद्ध पाणी उडून जातं आणि क्षार मागे उरतात. वरून पाणी ओतत राहिलं की ते साठतात, पंपाची जाळी बुजते, पंप कोरडा चालतो आणि जळतो. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासून वाळवा. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात आठ-दहा दिवसांत तयार होतो, तोही यानंच अडतो. मे महिन्याच्या रात्री मध्यम कूलर चाळीस ते साठ लिटर पाणी सहज पितो. टँकरवरच्या घरात हे आधी मोजा.

हे मात्र नीट वाचा. नागपुरात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. पत्र्याची बॉडी, ओली फरशी, अनवाणी पाय आणि हातात पाण्याचा पाइप, हे चारही एकत्र येतात. पाणी भरण्याआधी स्विच बंद करून पिनही काढा, प्रत्येक वेळी. तीन पिनांचाच प्लग लावा आणि त्याची अर्थिंगची वायर बॉडीला खरोखर जोडली आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. सॉकेटमध्येच अर्थिंग नसणं जुन्या घरांत सर्रास आढळतं. ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज लगेच तोडणारा स्विच) बसवायला मालक नाही म्हणाला तर तो खर्च स्वतः करा. घरातल्या सगळ्या वस्तूंमध्ये हा एक खर्च आधी.

स्वयंपाकघर

नवी गॅस जोडणी घेताना १४.२ किलोच्या सिलिंडरचं डिपॉझिट २,२०० आणि रेग्युलेटरचं २५० रुपये आहे. हे २०२२ पासूनचे आकडे. एकट्या माणसाला हा सिलिंडर दोन महिने पुरतो. पत्त्याचा पुरावा नसेल तर ५ किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो. नळीवर तारीख असते, पाच वर्षांनी ती बदलतात. नवा सिलिंडर लावला की जोडाला साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. काडी ओढून तपासू नका.

भांड्यांत तीन लिटरचा कुकर, एक तवा, एक कढई, दोन गंज (पातेली), सराटा (उलथणं), पोळपाट-बेलणं, चिमटा आणि मिसळणाचा (मसाल्याचा) डबा एवढ्यावर वर्षभर चालतं. भांडी आणि किराणा इतवारीत, भाजी कॉटन मार्केटमध्ये स्वस्त. रोजची भाजी मात्र जवळच्या बाजाराच्या वारालाच घ्या. महिन्याचं सामान एका माणसाला: तांदूळ ५ किलो, कणीक ५ किलो, तूरडाळ १ किलो, इतर डाळी-उसळी दीड किलो, तेल दीड लिटर, साखर १ किलो, चहा पाव किलो. एचएमटी तांदूळ घ्या. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंनी शोधलेलं हे आपल्या विदर्भाचंच वाण. ड्युटी बारा तासांची असेल तर एका वेळचा डबा लावा आणि एका वेळचं घरी करा. दोन्ही वेळा बाहेरची तर्री पोट आणि खिसा दोन्ही जाळते.

पगार: हातात किती येणार

सीटीसी, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करणारा एकूण खर्च, तीन लाख म्हणजे महिन्याला २५,००० हातात, असं नसतं. मूळ वेतन निम्मं, म्हणजे १२,५०० धरा. कंपनीचा पीएफ १२ टक्के म्हणजे १,५०० आणि ग्रॅच्युइटीचे सुमारे ६०० आधीच सीटीसीत मोजलेले असतात, उरले २२,९००. त्यातून तुमचा पीएफ १,५०० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात साधारण २१,२००. मुलींना २५,००० पर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही. घराचं गणित या २१,२०० वर करा. यूएएन, म्हणजे पीएफचा तुमचा कायमचा क्रमांक, पहिल्याच महिन्यात मागा आणि पासबुकात पीएफ खरंच जमा होतो का ते बघा. नोकरी लावून देण्यासाठी पैसे मागणारा किंवा मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेणारा कंपनीमालक टाळा, मग पगार कितीही सांगो.

स्वतःचं काम असेल तर

शिकवणी, शिवण, डिझाइन, संगणक दुरुस्ती, हिशेब लिहिणं अशा कामावर घर चालवायचं असेल तर दर अंदाजानं सांगू नका. महिन्याची गरज २०,००० असेल तर कर, साधनं, सुट्ट्या यांचे ६,००० मिळवा. महिन्यात दोनशे तास काम केलं तरी निम्मे तास नवं काम शोधण्यात, दुरुस्त्यांत, वसुलीत जातात; पैसे मिळणारे तास शंभर. म्हणजे तासाला २६० रुपयांखाली घेतलेलं काम तुम्हाला हळूहळू कर्जात ढकलतं.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आणि फुकट आहे. त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. ती असली की ग्राहकानं जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायला हवेत असं कायदा सांगतो, आणि थकल्यास सरकारकडे ऑनलाइन तक्रार करता येते. स्वतंत्र काम करणाऱ्यालाही वर्षाचा २,५०० व्यवसाय कर असतो. नव्या ग्राहकाकडून निम्मे पैसे आगाऊ घ्या. ग्राहकानं टीडीएस (पैसे देतानाच कापलेला आयकर) कापला असेल तर आयकराचं विवरणपत्र भरा, नाहीतर ते पैसे सरकारकडेच राहतात. कामाचं खातं वेगळं ठेवा आणि दर एक तारखेला त्यातून स्वतःला ठरलेला पगार द्या. चांगल्या महिन्याची जास्तीची रक्कम कामाच्या खात्यातच राहू द्या. मे-जूनमध्ये काम आटतं तेव्हा किराया तिथूनच निघतो. पगारदाराला तीन महिन्यांची शिल्लक पुरते, तुम्हाला सहा लागतील.

घर सोडताना

नोटीस व्हॉट्सॲपवर लेखी द्या, फोनवर नाही. शेवटचा किराया डिपॉझिटमधून वळता करायचा असेल तर तेही लेखी ठरवा. सामान निघाल्यावर रिकाम्या घराचा पहिल्या दिवसासारखाच व्हिडिओ करा, मीटरचं रीडिंग टिपा, त्या युनिटांचं बिल भरून पावती मालकाला पाठवा. गॅस दुसऱ्या भागात नेताना जुन्या एजन्सीकडून बदलीचं पत्र घ्या, म्हणजे डिपॉझिट पुन्हा भरावं लागत नाही. कूलर नेण्याआधी टाकी वाळवून ताट्या काढा. ओल्या ताट्यांसकट बांधून नेलेल्या कूलरचा पत्रा पुढच्या मार्चपर्यंत गंजून गळायला लागतो. चावी डिपॉझिट खात्यात दिसल्यावर, समोरासमोर द्या.